दाव्याला हात लावायचा न्हाई

आखाडा बाळापूरच्या बाजारात नवऱ्यानं माझ्या हातातलं दावं हिसकलं. दाव्याला माझी गाभण शेळी. हळदीच्या रानात खुरपून, पोटाला चिमटा घेऊन घेतलेली.

"शेळी माझी हाय," मी म्हणाले.

नवरा व्यापाऱ्याकडं बघून हसला. "बायकोच माझी, मंग शेळी कोणाची?"

भवतीचे सगळे हसले. शेळी गेली. पैसा शिंदीच्या दुकानात गेला. त्याच्याआधी माझे चांदीचे वाळे गेले व्हते, मायनं दिलेली पितळी घागर गेली व्हती. दर बारीला म्हणायचा, "तुझं-माझं येगळं हाय का?" मला ती माया वाटायची. त्या दिवशी बाजारात उभ्या उभ्या उमगलं, हा मला लुटून राहिला.

कुरुंद्याला परत आले. त्याला घराबाहेर काढला. पण मंग कोणावरच इश्वास बसंना. शेजारच्या अमीनाबी, विणकराची विधवा, म्हणाल्या, "मेरी बकरी को चारा-पानी तू कर. पैली मादी तेरी."

"आन् मोठी झाली की तुमीबी न्यायची?" मी तोंडावर म्हणाले.

त्या रागावल्या न्हाईत. "भरोसा नको कर. देख ले."

मी चारा-पानी करत गेले. त्यांच्या शेळीला मादी झाली. पाला खायला लागली तवा एक दिवस रानातून आले, तर ती माझ्या दारात बांधलेली. अमीनाबी कवाच घरात गेल्या व्हत्या. बाजारात माझी शेळी गेली तवा डोळ्यातून टिपूस न्हाई आलं. त्या दिवशी मात्र ढसाढसा रडले.

ती मोठी झाली, व्याली. नवऱ्याला वास लागला. गिऱ्हाईक घेऊनच आला आन् दाव्याला हात घातला. मी इळा उचलला.

"हात काढा."

"काहून? नवरा हाय मी."

"व्हय. म्हणून भाकर देईन. दावं न्हाई."

त्यानं पाटलाला आणलं. पाटील म्हणाला, "बाई, नवऱ्यापुढं ताठू नये. घरची अब्रू जाती."

"भर बाजारात गेली माझी. तवा कोणाला तकलीफ झाली न्हाई."

पाटलानं गावात सांगितलं, हिला रोजानं कोणी घेऊ नका. त्या हंगामात एकाबी रानात मला बोलावणं न्हाई. शेळीचं दूध आन् अंबाडीची भाजी, त्याच्यावर दिवस काढले. वाकले न्हाई.

नवरा अजून येतो. ओट्यावर बसून भाकर खातो. "आता तरी इश्वास ठेव," म्हणतो. अमीनाबीच्या भरवशावर मी घर उघडं टाकून जाते. त्यांनी तो इश्वास कमावला. ह्यानंबी कमवावा. न्हाई जमलं तर ओट्यावरच म्हातारा व्हईल. उंबऱ्याच्या आत मी घेणार न्हाई.