माकडटोपी आणि पाइनच्या सुया

जानेवारीत ऑकलंडमध्ये गरम कपडे विकत घेणं अवघड असतं. माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये आम्ही अख्खा शनिवार हिंडलो. जिकडेतिकडे टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला. लोकरी हातमोजे मागितल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मे महिन्यात या." शेवटी हॅमिल्टनला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तिच्या घरातली चार स्की-जॅकेट्स आणि हातमोजे दिले. ते सगळं घालून टाकानिनीतल्या आमच्या घरात, भर उन्हाळ्यात, आम्ही रंगीत तालीम केली आणि घामाघूम झालो.

निघणार होतो आम्ही चौघं: नवरा, मी, आमची आठ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले माझे बाबा. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. पुण्याला परतताना वाटेत त्यांना आठवडाभर जपान दाखवू, असं ठरलं. नवऱ्याने त्याच्या आयटीतल्या सवयीप्रमाणे एक्सेल शीट बनवली. क्योटोचे चार दिवस, अकरा ठिकाणं. प्रत्येक देवळापुढे वेळ लिहिलेली.

पहिल्या दिवशी शीटप्रमाणे सगळं झालं. देवळात शिरताना बूट काढायचे, बाहेर पडताना घालायचे, पुन्हा पुढच्या देवळात काढायचे. लाकडी फरशी इतकी गार की मोज्यांतूनही तळपाय झिणझिणायचे. बाबांनी पुण्याहून आणलेली चॉकलेटी माकडटोपी चढवली होती. लेक म्हणाली, "आजोबा, यू लुक लाइक अ बँक रॉबर." बाबा म्हणाले, "कान गरम आहेत माझे. तुझे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका देवळातल्या दगडांच्या बागेसमोर बसलो होतो. पांढरी खडी, त्यावर ओढलेल्या रेषा आणि मधे पाच-सहा दगड. सगळे गप्प बसून बघत होते, म्हणून आम्हीही बसलो. दहा मिनिटांनी मी वळून पाहिलं तर बाबा नव्हते.

आधी वाटलं, बाथरूमला गेले असतील. मग नवरा फाटकापर्यंत जाऊन आला, मी सगळे व्हरांडे पालथे घातले. बाबांकडे ना फोन, ना हॉटेलचा पत्ता. असाच अर्धा तास गेला. तिकीट खिडकीतल्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी हाताने डोक्याभोवती, कानांवरून, हनुवटीखालून टोपीचा आकार काढून दाखवला. त्यांनी तोंडावर हात धरून हसू दाबलं, लगेच बाहेर आल्या आणि आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेल्या.

तिथे एका पाइनला तीन पायांची शिडी लावली होती. शिडीवर बाबांच्याच वयाचा एक माळी, आणि खाली, एक वाकलेली फांदी हातात धरून, माझे बाबा. दोघंही झाडाची सुयांसारखी पानं उपटत होते.

"बाबा, पाऊण तास शोधतोय आम्ही तुम्हाला."

"पाऊण तास झाला?" त्यांनी मान वर केली नाही. "जुन्या सुया ओढून काढायच्या, नव्या ठेवायच्या. म्हणजे आत ऊन जातं. सगळं झाड हाताने करतात बघ, एकेक फांदी."

बाबांची सगळी नोकरी सरकारी रोपवाटिकेत गेली होती. आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी माझा राग गेला नव्हता. "तुम्हाला जपानी कधीपासून यायला लागलं?"

"त्याला तरी कुठे मराठी येतंय," बाबा म्हणाले.

मी काही बोलणार तेवढ्यात लेक पुढे झाली. "कॅन आय डू वन?"

माळी शिडीवरून उतरला. त्याने तिच्या हातमोज्यांकडे बोट दाखवून मान हलवली. तिने मोजे काढले. त्याने तिचा अंगठा आणि बोट सुयांवर ठेवलं आणि कसं ओढायचं ते दाखवलं. पहिल्या खेपेला तिने नव्या सुयाही उपटल्या. माळ्याने त्या उचलून पाहिल्या आणि गंभीरपणे खिशात घातल्या. बाबा हसले. तसं मनापासून हसताना मी त्यांना बऱ्याच महिन्यांनी पाहिलं.

तीन वाजता माळ्याने थर्मास काढला. झाकणातला चहा आधी बाबांना दिला. मग दोघांनी एकमेकांना हात दाखवले, कुठे चाकू लागला होता, कुठे कातडी कडक झाली होती. नवऱ्याने शीट काढली, घड्याळ पाहिलं आणि घडी घालून ठेवली. त्या दिवशीची दोन देवळं राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या नाश्त्यावर बाबा म्हणाले, "मी जरा बघून येतो, फांदी पुरी झाली का."

या वेळी लेक त्यांच्याबरोबर गेली, खिशात हॉटेलचं कार्ड ठेवून. दोघं साडेअकराला परत आले. बाहेर बारीक बर्फ पडत होतं, आणि दोघांच्या हातात गरम भाजलेली रताळी होती.

"भेटला का तुमचा दोस्त?" मी विचारलं.

"नाही. आज आलाच नव्हता," बाबा म्हणाले. "पण काल काम पुरं करून गेलाय. चांगलं केलंय."

त्यांनी अर्धं रताळं मोडून मला दिलं, आणि आम्ही पुढच्या देवळाची बस पकडायला निघालो.