चौथा फास्ट बोलर

रविवारची दुपार आहे. मटण-भात जरा जास्तच झालाय आणि मी हॉलमधल्या दिवाणावर आडवा पडलोय. बायको सांगलीला लेकीकडे गेलीय. फोन छातीवर ठेवलाय आणि तो दर दहा सेकंदांनी थरथरतोय. दौऱ्याचा संघ सकाळी जाहीर झालाय, त्यामुळे आमच्या ‘तिसरी स्लिप’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर बत्तीस माणसं फास्ट बोलर मोजत बसलीत. कुणाला चार हवेत, कुणाला पाच. ज्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं ते लिहितायत की आजकालच्या बोलरांना दमच नाही, वीस ओव्हर टाकल्या की लगेच पाठ धरतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. एकाची पाठ मोडली की दुसरा, दुसऱ्याचा गुडघा गेला की तिसरा, याला हे लोक संघाची ‘डेप्थ’ म्हणतात.

मग एकजण लिहितो, ‘आज धैर्यशील सरनोबत असते तर चौथा फास्ट बोलर घ्यायलाच लावला असता.’ खाली बाराजणांनी हात जोडलेत. मला शिसारी येते. त्यांची येते, आणि त्या बारांत एक मीही आहे म्हणून माझीही येते.

धैर्यशील माझा चाळीस वर्षांचा मित्र. पाटबंधारे खात्यात आमची टेबलं शेजारी होती. गेल्या वर्षी तो याच हॉलमध्ये, मॅच बघता बघता गेला. कसा गेला ते सगळ्या पेठेला पाठ आहे: शेवटची विकेट पडली, जिंकल्याचा आनंद त्याला पेलवला नाही आणि एका क्षणात गडी आटोपला. ग्रुपवर त्याच्या फोटोखाली ‘जिंकून गेला’ असं लिहून फिरवलं होतं. ही गोष्ट मी रचली. शालिनी वहिनींना, त्याच्या बायकोला, तीच सांगितली. त्यांनी डोळे पुसत विचारलं होतं, “त्रास नाही ना झाला त्यांना?” मी म्हणालो होतो, “छे, कळलंसुद्धा नाही.”

पापण्या जड होतात. टीव्हीवरचे जाणकार बोलतच राहतात, पण त्यांच्या शब्दांचा अर्थ आता मला लागत नाही. पंखा गरगरतोय. समोरच्या वेताच्या खुर्चीत धैर्यशील बसलाय.

“काय इंगवल्या, झोपलास व्हय?”

“जागाच हाय की.”

“मग आवाज वाढव जरा.”

त्याच्या अंगात चौकटीचा शर्ट आहे आणि एक गाल फुगलेला आहे. तोंडात कांद्याचं भजं आहे, न चावलेलं, न गिळलेलं. हनुवटीवर तेल ओघळलंय. मला बघवत नाही.

“गिळ की रे ते.”

“गिळतो. आधी सांग, शालीला काय सांगितलंस?”

मी चटकन म्हणतो, “आज टीम जाहीर झाली बघ. तीनच फास्ट बोलर घेतलेत.”

“तीनच?” तो ताठ होतो. क्रिकेटचं नाव काढलं की हा माणूस बाकी सगळं विसरतो, हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच मी ते काढलंय. मेलेल्या मित्रालाही मी फसवतोय.

“तीन म्हणजे खुळेपणा हाय,” तो म्हणतो, आणि टेबलावर मूठ आपटतो. टेबल लांबलचक आहे, त्यावर हिरवं कापड आहे. खिडकीतून आमच्या ऑफिसातली चिंच दिसते. निवड समितीचे पाचजण कोट घालून बसलेत आणि पाचही चेहरे ‘तिसरी स्लिप’मधले आहेत. पुढ्यात सामोसे. धैर्यशील उभा राहून सांगतोय, “साहेब, चौथा फास्ट बोलर म्हंजे अडीनडीचा माणूस. पयले तीन दमल्यावर त्याची किंमत कळती.”

“विकेट वळणार हाय,” मी म्हणतो. “स्पिनर घ्या.” तो गेला त्या मॅचआधी दोन आठवडे आम्ही याच वाक्यांवरून भांडलो होतो.

“कुणीबी घ्या,” कोटवाला एकजण म्हणतो. “मोडला तर दुसरा आणू. माणसं काय, पैशाला पासरी.” तो सामोशाचे तेलकट हात खेळाडूंच्या यादीला पुसतो. बाकीचे हसतात. मीही हसतो. हसताना तोंडाला कडवट चव येते.

धैर्यशील हसत नाही. तो खाली बसतो. खाली वेताची खुर्चीच आहे, पण ती आता मैदानाच्या मधोमध, खेळपट्टीवर ठेवलेली आहे. चहूकडे माणसं ओरडतायत. समोरच्यांच्या आठ विकेट पडल्यात. चौथा फास्ट बोलर चेंडू पॅन्टला घासत माघारी निघालाय.

इथं आमचा नियम सांगायला हवा. विकेट पडायला लागल्या की जो जिथं असेल तो तिथंच. हलायचं नाही, उठायचं नाही, पाय बदलायचा नाही. एकदा धैर्यशील दारात एका पायावर उभा राहून चप्पल काढत होता आणि विकेट पडली. मग पुढचा पाऊण तास मी त्याला तसाच चौकटीला धरून उभा ठेवला होता. सात विकेट पडल्या. बायका आम्हाला वेड्यात काढायच्या, आणि आम्हाला त्याचीच शेखी.

“इंगवल्या, छातीत जळजळायलंय रे,” धैर्यशील खुर्चीतून म्हणतो. “आत जाऊन जरा पडू?”

मला म्हणायचं आहे, पड. मला म्हणायचं आहे, चल, रिक्षा बोलावतो. माझं तोंड उघडतं आणि खणखणीत आवाज येतो, “हालू नको मर्दा! दोनच राहिल्यात.”

तो हातांवर जोर देऊन उठू बघतो. मी मनगट धरून त्याला खाली बसवतो. मनगट गार आहे, घामानं बुळबुळीत झालंय. बोलर अजून माघारीच चाललाय. सीमारेषा ओलांडतो, एसटी स्टँडापर्यंत जातो, तिथं बुटाची नाडी बांधतो. मग तिथून पळत यायला लागतो. एक चेंडू. पुन्हा माघारी.

कुठंतरी घंटा वाजते. चहापानाची असावी. कानाशी नुसता कल्लोळ करते. मी डोळे न उघडता चाचपडत ती दाबतो. ती बंद होते. मैदानही गप्प होतं.

“आता खेळ थांबलाय,” धैर्यशील म्हणतो. “आता बोल.”

आणि मी बोलतो. अकरा महिने दातांमागं धरलेलं एकदम बाहेर पडतं. “मीच बसवलं तुला. तू उठत होतास, धैर्या. दोनदा उठलास आणि दोन्ही वेळा मी हात धरून खाली बसवलं. तीन ओव्हर बसवून ठेवलं. तुझा चेहरा पांढरा पडलेला मला दिसत होता. मी टीव्ही बघत होतो.”

“आणि विकेट पडल्यावर?”

“नाचलो. बशीतलं भजं खाल्लं. मग तुझ्याकडं बघितलं.”

“गार झाल्तं?”

“काय?”

“भजं रे.”

“नाही,” मी म्हणतो. “गरम होतं.” आणि मला माझी इतकी किळस येते की अंगावरची कातडी शर्टासारखी काढून खुंटीला टांगावीशी वाटते.

तो मात्र खुदकन हसतो. “पण तूच बरोबर हुतास बघ. स्पिनर घ्या म्हणत हुतास. स्पिनरनं त्या तीन ओव्हर पटापटा उरकल्या असत्या. ह्यो चौथा जातोय काय, येतोय काय. माझाच हट्ट नडला.”

“असलं बोलू नको. माफ कर मला.”

“मला कशाला सांगतोयस?” तो म्हणतो. आवाजात राग नाही, नुसता कंटाळा आहे, एकाच फायलीवर तिसऱ्यांदा सही मागितल्यावर यायचा तसला. “मी तिथंच हुतो की. जी नव्हती तिला सांग.”

तो खुर्चीचे हात धरतो आणि उठतो. या वेळी मी त्याला धरत नाही. जाताना तो एकदाच गिळतो, आणि त्याचा गाल खाली बसतो.

मी डोळे उघडतो. टीव्हीवर कोणीतरी अजून फास्ट बोलर मोजतोय. कूस बदलल्यानं फोन गालाखाली गेलाय. तापलाय, त्याची कड गालात रुतलीय. मी तो काढून बघतो. पडद्यावर ‘शालिनी वहिनी’ आणि पुढे सरकणारे आकडे. सहा मिनिटं बारा सेकंद. तेरा. चौदा. मी दाबली ती घंटा ही होती.

“वहिनी?” मी म्हणतो.

पलीकडून त्या बोलतात, अगदी सावकाश, ताटात पदार्थ कमी-जास्त होऊ नये म्हणून बेतानं वाढावं तसं.

“वर्षश्राद्धाचा दिवस सांगायला फोन केला होता, भाऊजी. तुम्ही झोपेत बोलताय हे कळायला वेळ लागला. मग ठेववेना.”

मी उठून बसतो.

“मला क्रिकेटमधलं काही कळत नाही,” त्या म्हणतात. “तीन ओव्हर म्हणजे किती वेळ?”

सहा-सात मिनिटं, असं म्हणता येईल. त्या कुणाला विचारायला जाणार नाहीत. जीभ तिकडे वळतेसुद्धा, सराईत आहे ती.

“फास्ट बोलर होता, वहिनी,” मी म्हणतो. “पंधरा मिनिटं.”