रिकामं यकृत

ताईला जाऊन पाच महिने झाले. ती माझी सख्खी बहीण नव्हती. सिंगापूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी पीएचडी केली, तिथं ती माझ्याआधीपासून संशोधक होती, आणि मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

आमचं काम यकृतातल्या एका एन्झाइमवर होतं. शरीरातला विषारी अमोनिया निकामी करायला ते मदत करतं. ते मोजायचं तर त्याला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी विकत आणायची. ती चिकटली की छायाचित्रात काळी पट्टी उमटते. ही अँटिबॉडी सशाच्या रक्तातून काढलेली असे, आणि ससा बदलला की तिचा गुण बदलू शकतो. म्हणून नवी बाटली आली की ताई ती आधी एका खास उंदराच्या यकृतावर तपासायची. त्यात हे एन्झाइमच नसे. आम्ही त्याला ‘रिकामं यकृत’ म्हणायचो. तिथं पट्टी दिसता कामा नये.

“कंपनीनं तपासलंय की, ताई.”

“कंपनीनं तपासलंय. आपण कुठं तपासलंय?”

“घरी मीठसुद्धा तपासूनच घालतेस का?”

“घालते. उगाच नाही तू माझी आमटी दोनदा घेत.”

एकदा ती रजेवर असताना नवी बाटली आली. मी ती छोट्या नळ्यांत वाटून फ्रीझरमध्ये ठेवली आणि डब्यावर ‘तपासली’ असं लिहून टाकलं. उद्या तपासू, असं मनात होतं. ते राहूनच गेलं. परत आल्यावर ताईनं माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून त्याच नळ्या वापरल्या. तिचा लेख एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला. तिचा करार, आणि त्यासोबत इथं राहून काम करायचा पास, त्याच लेखावर वाढायचा होता.

काही आठवड्यांनी मी माझ्या प्रबंधासाठी त्याच नळ्यांतली अँटिबॉडी रिकाम्या यकृतावर लावली. पट्टी उमटली, अगदी ठसठशीत. अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत होती. मी ताईसमोर छायाचित्र ठेवलं आणि डब्यावरच्या शब्दाचं खरं सांगितलं. तिनं पट्टी नीट पाहिली.

“पुन्हा लाव,” एवढंच म्हणाली.

पुन्हा तेच आलं. त्याच दुपारी लेख मागे घेण्यासाठी ती संपादकांना पत्र लिहायला बसली.

“त्यात चूक माझी म्हणून माझं नाव लिही,” मी म्हटलं.

“लेख माझा आहे. मीच बघायला हवं होतं.”

“आणि पास?”

“पास हवा म्हणून पट्टी खरी होते का गं?”

करार वाढला नाही. पास संपायच्या आत तिला बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या एका कारखान्यात तपासणीची नोकरी मिळाली. बुकित पंजांगच्या घरून रोज तेवढ्या लांब जायची. संशोधनात ती परतली नाही. मला मात्र त्याच वर्षी पदवी मिळाली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीनं श्रद्धांजली वाहायच्या दिवशी तिच्या फ्लॅटवर जुने सहकारी जमले होते. वंदना झाल्यावर त्यांच्यातले एक हळहळून इंग्रजीत म्हणाले, “इतकी हुशार बाई, एका चुकीपायी मागे राहिली.”

“चूक माझी होती,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे मी चारचौघांत कधीच बोलले नव्हते.

तिच्या कॉलेजातल्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. “देन व्हाय शी नेव्हर से, मावशी?”

मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिच्या आईनं काय केलं होतं ते पहिल्या बाटलीपासून सांगू लागले.