पणजोबांची कोरियन पेटी

नातीचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पणजोबांची पेटी तिच्याबरोबर पाठवायची आहे. तिचा इतिहास दोन ओळींत लिहून द्या. फ्रेम करून वर ठेवते."

दोन ओळींत बसणारा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ती पेटी माझ्या पणजोबांची नाही. पणजोबा सरकारी पागेत शिपाई होते. त्यांच्या मालकीची म्हणून घरात एक पितळी लोटा होता, त्यालाही पोचे आलेले.

परदेशी कंपन्यांशी करार होऊ लागले त्या वर्षांत बडोद्याच्या गोरवा भागातल्या आमच्या कारखान्यात एक कोरियन इंजिनिअर आले. त्यांना शहरात हवं-नको पाहण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण सगळ्यांत वाईट इंग्रजी मी सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलत असे. ते सपत्नीक समा भागात राहायला आले आणि त्यांच्या सामानात ही पेटी निघाली. मांडीइतकी उंच, काळपट लाकडाची. झाकण वर नाही, पुढच्या बाजूला. दर्शनी भागाचा वरचा अर्धा तुकडा खाली उघडतो. अंगावर लोखंडी फुलपाखरं आणि वटवाघळं ठोकलेली. कुलूप माशाच्या आकाराचं.

शेजारच्या गुजराती बेन पाहताक्षणी म्हणाल्या, "अरे, आ तो पटारो छे!" मुलीला लग्नात देतात ती पेटी. त्यांचं बरोबरच होतं. कोरियन बाईंना ती त्यांच्या आईने दिली होती, आईला आजीने. त्यांच्याकडे माणसं जमिनीवरच बसतात-निजतात, म्हणून पेटी बैठी. आत कपडे, वर दिवसा रजयांची चळत. वटवाघूळ म्हणजे सुखसमृद्धी. आणि मासा कुलपावर का, तर तो डोळे कधी मिटत नाही, राखण करतो. हे त्यांनी माझ्या बायकोला अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं.

दोन वर्षांनी त्यांना आठवड्याभरात परत बोलावलं. जाताना बाईंनी पेटी आमच्याकडे ठेवली. "माझ्या मुलीचं लग्न ठरलं की मागवीन." बायकोने त्यांचा हात धरून हो म्हटलं. मीही मान डोलावली. मान डोलवायला मी कधीच कमी पडलो नाही.

पुढच्याच वर्षी आमच्या मुलीला बघायला पाहुणे आले. जुन्या दरबारी अधिकाऱ्यांचं घराणं. बडोद्यातल्या मराठी घरात सरकारांकडून मिळालेलं काहीतरी असतंच: तलवार, शाल, निदान पानाचा डबा. आमच्याकडे लोटा. होणारे व्याही पेटीसमोर थांबले, फुलपाखरावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा! दरबारी काम दिसतंय."

नाही म्हणायला एक क्षण होता. तो मी घसा खाकरण्यात घालवला आणि म्हणालो, "हो. पणजोबांना मिळालेली."

"पण ही वटवाघळं कशी काय?"

"अंधारात जागतात ना," मी म्हणालो. "निष्ठेचं चिन्ह."

माशाचं जागरण मी वटवाघळाला चिकटवलं होतं. बायको सुरळीच्या वड्यांची बशी घेऊन दारात उभी होती, ती तशीच आत गेली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "अहो, तुमचे पणजोबा घोड्यांना चंदी घालायचे. त्यात निष्ठा घोड्यांची."

मी हसलो. मुलगी शिकायला बाहेरगावी असायची, तिलाही मी पेटी पणजोबांची, जुन्या घरातून आणलेली असंच सांगितलं. लग्न ठरलं. मग व्याही म्हणाले, "सूनबाईंबरोबर पेटी आली तर आमच्या दिवाणखान्याला शोभा येईल." नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. बायको एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या मुलीची पेटी आपल्या मुलीला?" पेटी टेम्पोत चढवताना मजुरांना मी सारखा सांगत होतो, "जपून रे, दीडशे वर्षांची आहे!" तोवर बहुधा माझाही विश्वास बसला होता.

तीन वर्षांनी कोरियाहून पत्र आलं. मुलीचं लग्न ठरलं आहे, पेटी पाठवाल का?

मी कळवलं की पेटीला वाळवी लागली.

बाईंचं उत्तर आलं. मला रागाचं हवं होतं. त्यांनी लिहिलं होतं, तुम्हालाही वाईट वाटलं असेल, मनाला लावून घेऊ नका. लाकूड जातंच. लोखंडाचं एखादं फुलपाखरू उरलं असेल तर पाठवा, मुलीच्या नव्या कपाटाला लावीन.

सगळी फुलपाखरं शाबूत होती, माझ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात. मी उत्तर दिलं नाही.

हे सगळं मी दोन महिन्यांपूर्वी मुलीला तोंडी सांगितलं. व्याही आता नाहीत, माझी बायकोही नाही. शूर व्हायला मी गर्दी ओसरण्याची वाट पाहिली. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला हे माहीत होतं?"

"हो."

"म्हणून ती आमच्याकडे आली की दिवाणखान्यात बसायची नाही. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायची. सासूबाईंना वाटायचं, व्याहीणबाई फार साध्या आहेत. मला वाटायचं, तिला माझं घर आवडत नाही."

मला वाटायचं, तिची कंबर दुखते.

"त्यांचा पत्ता आहे?" मुलीने विचारलं.

"जुना आहे."

"मग जुन्यावर लिहा. कारखान्यात विचारा. आणि बाबा, या वेळी पत्र मी वाचणार, मगच पाकीट बंद करायचं."

पत्र गेलं. अजून उत्तर नाही. बाई आहेत की नाहीत, हेही माहीत नाही. नातीला मुलीने सगळं सांगितलं. ती मला म्हणाली, "आजोबा, वटवाघळाचं मात्र भारी रचलंत," आणि आईबरोबर पेटीतलं सामान काढायला गेली.

परत पाठवायची म्हणून मुलीने पेटी रिकामी केली आहे. नऊवाऱ्या, शाली, नातीची लहानपणची दुपटी, सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून दिवाणखान्यात भिंतीला लावून ठेवलं आहे. मी गेलो की त्या खोक्यांतून वाट काढत खुर्चीपर्यंत जातो. मुलगी चहा आणून देते आणि विचारते, "पोस्टमन आला होता का?"