कॉडचा मुका

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्सला येणारा पाहुणा दिवसा टेकडीवरून समुद्र बघतो, बोटीत बसून हिमनग बघतो आणि संध्याकाळी बंदरालगतच्या गुत्त्यात लिअँडर हाइन्ससमोर गुडघे टेकतो. घसा जाळणारी रम एका घोटात प्यायची, मग बर्फातल्या कॉड माशाचा मुका घ्यायचा, की झाला तो न्यूफाउंडलंडचा! लिअँडरची अर्धी हयात कॉड पकडण्यात गेली. सरकारने मासेमारी बंद केली, आणि आता तोच मासा हातात धरून तो परक्यांना हसवत होता. पोटासाठी माणूस काय काय करतो! पण हे सोंग फक्त बाहेरच्यांसाठी. इथल्या मातीत जन्मलेल्यापुढे त्याने कधी मासा धरला नव्हता.

त्या जुलैत त्याची लेक डल्सी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बर्टाहून माहेरी आली. नवरा तिकडे तेलाच्या खाणीवर कामाला. ती सगळ्यांना घेऊन कायमची परत येईल, या एका आशेवर म्हाताऱ्याने खाडीकाठचं घर राखलं होतं. पण विचारायचा धीर होत नव्हता.

शेवटच्या संध्याकाळी तिघंही गुत्त्यात आली. जावयाने मुका घेतला. मग नात एव्हरी गुडघ्यांवर बसली आणि नाक धरून म्हणाली, "आजोबा, हा नक्की मेलाय ना?"

"तुझ्या बापापेक्षा ताजा आहे गं!"

गुत्ता खदखदला. एव्हरी मुका घेऊन उठली, आणि तिच्या जागी डल्सीच गुडघ्यांवर बसली.

"ऊठ, ऊठ. तुझं काय काम इथे? तू इथलीच आहेस."

"होते, बाबा." ती हसत होती, पण डोळे भरले होते. "तिकडे घर घेतलंय आम्ही. आठवडाभर सांगीन सांगीन म्हणतेय, तोंडच उघडत नाही माझं."

इतकी वर्षं आपण कुणासाठी दिवा लावून बसलो होतो, हेच लिअँडरला कळेना.

"आटप रे म्हाताऱ्या, मासा वितळला!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्याने मासा पुढे केला. हात इतका थरथरत होता की ओठ लावायला डल्सीला बापाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागलं. हे त्याचं नवं सोंग समजून लोक पोट धरधरून हसले.