धुऱ्यावरचे पांढरे केस

आमच्या कुत्रीचे केस गळायचे म्हणजे किती, तर घरात कुणी कापूस पिंजायला बसलंय असं वाटायचं. पांढरीशुभ्र, लांब केसांची होती. लेकीनं हौसेनं अकोल्याहून आणली, अन् स्वतः आधी शिकायला, मग नोकरीला पुण्याचीच होऊन बसली. कुत्री पडली माझ्या गळ्यात. दुपारी जेवणं आटोपली की मी ओट्यावर फणी घेऊन बसायची, अन् ती माझ्या मांडीवर डोकं टाकायची. केस उन्हात उडायचे, तरंगत तरंगत अंगणभर जायचे. फणी चालता चालता आधी तिचा डोळा लागायचा, मग माझा. त्या दुपारी कुठं सुरू व्हायच्या अन् कुठं संपायच्या, मला सांगता येणार नाही. जाग यायची तेव्हा एखादा बुलबुल फणीतलेच केस ओढून नेत असायचा.

टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. एका मुठीची सुया टोचून ठेवायची गादी केली. त्यात सुई गंजली नाही कधी. थोडे गुलाबाच्या कुंडीत मातीवर पसरले, ओल टिकायची. बाकीचे रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, सुपात वाळवायचे अन् पिशवीत भरून ठेवायचे. आमच्या ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, हा सगळा येडेपणा वाटायचा. वरणात एक केस निघाला की घर डोक्यावर घ्यायचे.

दिवाळीनंतर ती गेली. थकलीच होती, झोपेतच गेली. लेकीला सुट्टी मिळाली नाही. फोनवर खूप रडली, अन् मग म्हणाली, "आई, तिच्या केसायची मले एक उशी करून दे. तेवढीच राहीन माह्याजवळ." मी लगेच हो म्हटलं. संक्रांतीला ती येणार होती. पिशवीत उशीपुरते केस होते. मी नवी खोळ शिवली अन् पिशवी दाराजवळ काढून ठेवली. तिथंच चुकलं माझं.

आमच्याकडे हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून लोक कटिंगच्या दुकानातले केस आणतात अन् धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पसरतात. हुंगताना केस नाकात जातात अन् डुक्कर माघारी फिरतं. ह्यांनीही जवळच्या मालेगावच्या दुकानात केस सांगून ठेवले होते. दारात केसांची भरलेली पिशवी दिसली. कुणीतरी आणून टाकली समजून गेले घेऊन, अन् आले सगळी मोकळी करून. पांढरे दिसले नाहीत का, विचारलं, तर म्हणतात, "मले वाटलं, म्हाताऱ्यायचे असतील."

त्यावर मी काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर बोलणंच टाकलं. लेकीला कोणत्या तोंडानं सांगू, हेच डोक्यात घोळत होतं. वावरात जायची हिंमत झाली नाही. वारा सुटला होता, काही उरलं नसणार हे दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच गेले ते दुपार कलल्यावर आले, एक मूठ मिटून. बोरीच्या काट्यांनी बोटं ओरबाडून निघाली होती. मूठ उघडली, तर पांढरा गोळा, त्यात कुसळं अन् हरभऱ्याचा पाला. "एवढेच घावले," म्हणाले. मला भडभडून आलं. कुत्री गेली तेव्हा ह्यांच्या डोळ्यात टिपूस नव्हतं, त्याचा मला फार राग होता. तो तिथंच गेला.

उशीत घरचा कापूस भरला अन् मधोमध ती मूठ. संक्रांतीला लेक आली. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनीच मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. तिनं उशी छातीशी धरली. रागावली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, तिले डुकरायचं लय भेव वाटे. अन् तुमी तिले एकटीले तिथं ठेवून आले."

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भाकर घरी खायची ह्यांनी सोडली. फडक्यात बांधून नेतात अन् त्या धुऱ्यावर बसून खातात.