मास्तरांच्या घड्याळाची स्प्रिंग

चिमट्यातून स्प्रिंग उडाली आणि आमच्या यांचा चेहरा पांढरा पडला. "हालू नको. पंखा बंद कर," एवढंच बोलले.

शर्यतीची वेळ मोजायचं ते मनगटी घड्याळ शिंदखेड्याच्या खेळाच्या मास्तरांचं होतं. बटण दाबलं की काटा शून्यावर परत यायचा, पण आतली बारीक स्प्रिंग दर वर्षी मोडायची. म्हणून यांनी जुन्या गजराच्या घड्याळाचं पोलाद तीन दिवस घासून जाड स्प्रिंग केली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, दुसरी करणं जमलं नसतं. बाजारात लोक यांच्याबद्दल म्हणतच होते, नानांचा हात गेला.

पुर्जा पडला की आमच्या घरात झाडू लागत नसे. मी ओल्या फडक्याने फरशी टिपत गेले.

"पदरमा दख व," हे म्हणाले. पदरातच होती.

"आता तूच बसव."

"मी चौथी शिकलेली."

"घड्याळ कुठं शाळेत गेलंय?"

त्यांनी बॅटरी धरली, सांगत गेले, मी बसवली. काटा टचकन शून्यावर आला. तोवर भाजी करपली म्हणून मी चिडले होते. आता करपली तरी कुणी विचारत नाही.

काल मास्तर धुळ्याला घरी आले. बटण दाबून दाखवलं. "अक्का, नाना गेले, पण त्यांचा हात बघा. स्प्रिंग अजून मोडली नाही."

मी चहा ठेवला. ती मी बसवली त्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यातली मी उरले.